गाड्या एकमेकींशी बोलू लागल्या तर? : वाचकांचे प्रश्न

वाहने, सिग्नल आणि रस्त्यावरची यंत्रणा यांनी परस्परांशी संपर्क ठेवून वाहतूक चालवावी, या दिशेने गेली काही दशके संशोधन सुरू आहे. त्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. पुढे अपघात झाला असेल असे वाटते. पण तिथे पोचावे तर ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक. मग कोंडी झाली कशाने? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : आपल्या मार्गापुरते एक कारण उघड आहे, ते आधी सांगतो. आडोशी बोगद्यापासून खंडाळा एक्झिटपर्यंत द्रुतगती मार्गाच्या सहा आणि जुन्या महामार्गाच्या चार लेनमधली वाहतूक सहाच लेनमध्ये कोंबली जाते, आणि तीही चढावर, जिथे भरलेले कंटेनर खालच्या गिअरमध्ये रांगत असतात. ‘मिसिंग लिंक’ची आखणी झाली ती या टप्प्याला वळसा घालण्यासाठीच. परंतु आपल्या प्रश्नाचा रोख याहून वेगळा आहे. रस्ता सरळ, सपाट आणि मोकळा असतानाही कोंडी होते का? होते, आणि ती प्रयोगाने दाखवून झालेली आहे.

जपानमधील नागोया विद्यापीठाचे युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ मोटारी सोडल्या आणि चालकांना ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने, पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर राखून चालवत राहा, एवढीच सूचना दिली. वर्तुळावर सिग्नल नव्हता, चौक नव्हता, लेन बदलण्याची सोयही नव्हती. थोडा वेळ सगळे सुरळीत चालले आणि मग एका जागी गाड्या दाटू लागल्या, काही पूर्ण थांबल्या, आणि थांबलेल्या गाड्यांचा तो पुंजका वाहतुकीच्या उलट दिशेने ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत राहिला. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. वाहतुकीत अशा लाटा उठत असणार हे गणिताने त्याच्या किती तरी आधी सांगितले होते. लाइटहिल आणि व्हिटम या ब्रिटिश गणितज्ञांनी १९५५ मध्येच रस्त्यावरच्या रहदारीला प्रवाही पदार्थाची समीकरणे लावली होती.

कारण साधे आहे. पुढच्या गाडीचा ब्रेक दिवा लागल्यापासून आपला पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंदभर तरी जातो, आणि उशीर झाल्यामुळे आपण पुढच्यापेक्षा जरा जास्तच जोराने ब्रेक दाबतो. आपल्या मागचा आपल्यापेक्षा जास्त, त्याच्या मागचा त्याहून जास्त. दहाव्या-पंधराव्या गाडीपर्यंत नुसते वेग कमी करणे हे थांबण्यापर्यंत जाऊन पोचते. ही लाट मागे सरकत असल्यामुळे आपण तिच्यात सापडता तेव्हा तिचे मूळ कित्येक किलोमीटर पुढे असते. ताशी २० किलोमीटर वेगाने पंधरा मिनिटांत ती पाच किलोमीटर मागे येते. ज्याने पहिल्यांदा ब्रेक दाबला तो गृहस्थ तोवर लोणावळ्यात चिक्की घेत असतो, आणि आपल्यामुळे मागे काय झाले याची त्याला गंधवार्ता नसते.

खरी रंजक गोष्ट यापुढची आहे. अमेरिकेत ॲरिझोनातील टुसॉन येथे याच धर्तीच्या वर्तुळावर वीस-बावीस गाड्या सोडून त्यांतली केवळ एक संगणकाच्या ताब्यात दिली गेली. ती गाडी पुढे मोकळी जागा दिसली म्हणून झेप घेत नव्हती. सगळ्या प्रवाहाचा सरासरी वेग धरून ती चालत होती आणि पुढच्या अंतराचा उपयोग धक्का पचवण्यासाठी करत होती. त्या एका गाडीने लाट विझवली. अनावश्यक ब्रेक दाबणे जवळजवळ बंद झाले आणि इंधनाचा वापर ४० टक्क्यांपर्यंत खाली आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा पुढचा टप्पा म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये नॅशव्हिल शहराजवळच्या आय-२४ महामार्गावर सकाळच्या गर्दीत अशा १०० गाड्या उतरवल्या गेल्या. तिथल्या सुमारे साडेसहा किलोमीटरच्या टप्प्यावर जवळपास ३०० कॅमेरे प्रत्येक गाडीचा मार्ग टिपत होते. बंद वर्तुळावर जे साधते ते चार लेनच्या वाहत्या महामार्गावर तसेच्या तसे साधत नाही, कारण आपण अंतर सोडले की शेजारच्या लेनमधला त्यात शिरतो. हा अनुभव सांगायला वाचकांना नॅशव्हिलला जाण्याची गरज नाही.

प्रश्न : माझ्या नव्या गाडीत ‘ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ आहे. पुढच्या गाडीप्रमाणे ती आपोआप वेग कमी-जास्त करते. सगळ्यांकडे अशा गाड्या आल्या की कोंडी संपेल, असे समजायचे का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : समजू नये. एकेकटी हुशार असलेली गाडी आणि इतरांशी जुळवून घेणारी गाडी यांत फार मोठा फरक आहे, आणि या क्षेत्रातले बहुतेक गैरसमज या दोन्हींची गल्लत केल्यामुळे होतात.

आपल्या गाडीतली यंत्रणा रडारने वा कॅमेऱ्याने फक्त पुढची गाडी पाहते. पुढच्या गाडीने वेग कमी केला हे तिला तो कमी झाल्यानंतरच कळते. म्हणजे माणसाइतका नसला तरी उशीर आहेच. अशा दहा गाड्या एकामागे एक लावल्या तर पहिलीने घेतलेला हलका ब्रेक शेवटच्या गाडीपर्यंत लहान होत जातो की मोठा, हा अभियंत्यांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न असतो. लहान होत गेला तर ती रांग स्थिर मानायची. अमेरिकी संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या सात मॉडेलच्या गाड्या या कसोटीला लावल्या, तेव्हा सातही अस्थिर निघाल्या. प्रवाशाच्या आरामासाठी आणि टक्कर टाळण्यासाठी त्या उत्तम असतील, पण मागच्या रांगेसाठी त्या धक्का वाढवणाऱ्याच ठरल्या.

उपाय म्हणजे गाडीने पाहण्याबरोबर ऐकायलाही शिकणे. पुढच्या गाडीच्या चालकाने किंवा संगणकाने ब्रेकचा निर्णय घेतला त्याच क्षणी तो रेडिओवरून मागच्या सर्वांना कळला, तर वेग कमी झालेला दिसेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. दिंडीत शेकडो माणसे एकमेकांच्या टाचा न तुडवता पावली खेळतात, कारण प्रत्येक जण पुढच्याच्या पायांकडे न पाहता मृदंगाच्या ठेक्यावर पाऊल टाकतो. ताफ्यातल्या गाड्यांचेही तसेच असते, त्यांना म्होरक्या गाडीचा संदेश थेट मिळतो. ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन डिएगोजवळ आय-१५ महामार्गावर आठ ब्यूक मोटारींचा ताफा केवळ साडेसहा मीटर अंतराने महामार्गाच्या वेगात चालवून दाखवण्यात आला, तो याच तत्त्वावर. कॅलिफोर्नियातील ‘पाथ’ या संशोधन कार्यक्रमाच्या त्या गाड्या रस्त्यात पुरलेल्या चुंबकांवरून आपली लेन ओळखत असत. एवढे चुंबक देशभर कोण पुरणार, म्हणून तो मार्ग मागे पडला; रेडिओ संदेशांची कल्पना मात्र टिकली.

याच गटाच्या नंतरच्या अभ्यासांतील एक निष्कर्ष मला सर्वांत बोलका वाटतो. एका लेनमधून तासाला साधारण २,००० गाड्या जाऊ शकतात. त्यांपैकी कितीही गाड्यांना नुसते रडारचे क्रूझ कंट्रोल बसवले तरी या आकड्यात फारसा फरक पडत नाही. पण सर्वच्या सर्व गाड्या एकमेकींशी बोलणाऱ्या असतील तर संगणकीय प्रतिकृतीत तो जवळपास ४,००० पर्यंत जातो. मधल्या काळात, म्हणजे दहापैकी दोन-तीन गाड्याच बोलणाऱ्या असताना, लाभ अगदी थोडा मिळतो, कारण आपल्या पुढची गाडी नेमकी बोलणारी असण्याची शक्यताच कमी असते. पहिल्या ग्राहकाने पैसे मोजायचे आणि फायदा शंभराव्याला व्हायचा, अशी ही अडचण आहे. तंत्रज्ञान तयार असूनही ते रखडण्याचे हे एक मोठे कारण आहे.

प्रश्न : भविष्यात चौकांत सिग्नलच नसतील, गाड्या आपापसांत ठरवून निघून जातील, असे वाचले. हे खरोखर शक्य आहे? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : संगणकाच्या पडद्यावर हे वीस वर्षांपूर्वीच शक्य झाले आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील कर्ट ड्रेसनर आणि पीटर स्टोन यांनी २००४ मध्ये मांडलेली पद्धत आरक्षणाची आहे. चौकाची जागा लहान लहान चौकटींत विभागायची. येणारी प्रत्येक गाडी चौकाच्या नियंत्रकाला कळवते की मी अमुक क्षणी, अमुक वेगाने, अमुक दिशेने जाऊ इच्छिते. नियंत्रक तिच्या मार्गातल्या चौकटी त्या त्या क्षणी रिकाम्या आहेत का ते तपासतो; असतील तर आरक्षण देतो, नसतील तर नाकारतो, आणि गाडी वेग थोडा कमी करून पुन्हा मागणी करते. लाल दिव्यापाशी रिकामा चौक पाहत ताटकळत बसणे त्यामुळे उरत नाही. चारही दिशांच्या गाड्या एकमेकींना चाटून जाताना त्या चित्रफितींत पाहिल्या की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण गणित बिनचूक असते.

अडचण चौकाबाहेरच्या जगाची आहे. या पद्धतीत सायकलस्वार, पायी जाणारी आजी, शाळेतून सुटलेली मुले आणि रेडिओ नसलेली जुनी गाडी यांच्यासाठी वेगळी तरतूद करावी लागते, आणि ती केली की सिग्नल या ना त्या रूपात परत येतो. शिवाय एखादा संदेश हरवला, ओल्या रस्त्यावर गाडी घसरली, तर पुढच्या सेकंदाच्या सगळ्या आरक्षणांचे काय, हाही प्रश्न उरतो. प्रत्यक्ष रस्त्यावरचे प्रयोग म्हणूनच बेताचे राहिले आहेत. नेदरलँड्समधील हेल्मंड येथे २०१६ मध्ये झालेल्या सहकारी वाहनचालनाच्या स्पर्धेत वेगवेगळ्या विद्यापीठांच्या गाड्यांना तीन गोष्टी करायच्या होत्या : दोन ताफ्यांनी एका लेनमध्ये मिसळणे, बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्या गाडीला जागा करून देणे आणि आणीबाणीच्या वाहनाला वाट देणे. स्वीडनच्या हाल्मस्टाड विद्यापीठाने ती स्पर्धा जिंकली. तीन-चार चालकांनी हाताच्या खुणेने जे काम झटक्यात केले असते, तेच वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या संगणकप्रणालींच्या गाड्यांकडून करून घेण्यासाठी संदेशांची भाषा आधी ठरवावी लागली, यावरून कामाची अडचण लक्षात यावी.

प्रश्न : हे सारे लेन पाळणाऱ्या देशांचे झाले. आपल्याकडे दुचाकी, रिक्षा, टेम्पो, हातगाडी आणि मधेच बसलेली गाय. इथे या संशोधनाचा काय उपयोग? (नागपूर, सांगली आणि ठाणे येथील वाचकांची पत्रे)

उत्तर : ताफ्यांचा आणि चौकातल्या आरक्षणाचा उपयोग नजीकच्या काळात नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. पण सहकार्य केवळ गाड्यांनीच करायचे असते असे नाही. सिग्नलनी एकमेकांशी सहकार्य केले तरी पुष्कळ काही साधते, आणि त्यासाठी रस्त्यावरच्या एकाही गाडीत काही बसवावे लागत नाही.

पिट्सबर्ग शहरात २०१२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ चौकांवर ‘सरट्रॅक’ ही व्यवस्था लावली. तिच्यात वरून आदेश देणारा मध्यवर्ती संगणक नाही. प्रत्येक चौक आपल्याकडे येणाऱ्या गाड्या पाहून पुढच्या काही क्षणांचे वेळापत्रक स्वतः आखतो, आणि माझ्याकडून इतक्या गाड्या अमुक वेळेला तुझ्याकडे निघतील, असे पुढच्या चौकाला कळवतो. पुढचा चौक ते गृहीत धरून आपले वेळापत्रक बदलतो. एवढ्यावर त्या भागातला प्रवासाचा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे एका चौकात हिरवा दिवा मिळाला की दोनशे मीटरवरच्या दुसऱ्या चौकात लाल ठरलेलाच, हा अनुभव घेणाऱ्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

गाड्या मोजायच्या कशा, ही आपली खास अडचण आहे. ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘स्कूट’ आणि सिडनीत तयार झालेली ‘स्कॅट्स’ या जुन्या, नावाजलेल्या प्रणाली रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यांवरून गाड्या ओळखतात. एका लेनमध्ये एका वेळी एकच गाडी, हे त्यांत गृहीत असते. आपल्याकडे एका लेनमध्ये एक रिक्षा आणि तिच्या दोन्ही अंगांनी घुसलेल्या तीन दुचाकी असतात, तेव्हा ते वेटोळे गोंधळणारच. म्हणूनच सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राला भारतीय रस्त्यांसाठी ‘कोसिकॉस्ट’ ही वेगळी सिग्नल-प्रणाली घडवावी लागली. आता कॅमेऱ्यावरून मोजणी होऊ लागल्यामुळे रांगेत किती जागा व्यापली गेली आहे हे लेनचा विचार न करताही काढता येते. मात्र कॅमेरे बसवले म्हणजे सिग्नल शहाणे झाले असे नव्हे. बसवलेल्या यंत्रणेच्या वेळा कोणी तरी दर काही महिन्यांनी तपासाव्या लागतात, आणि आपल्या महापालिकांच्या निविदांत नेमके हेच कलम सर्वांत दुबळे असते.

नागपूरच्या वाचकांना त्यांच्याच शहराचे उदाहरण देतो. २०२१ मध्ये तिथे ‘आयरास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात महापालिकेच्या शहर बसगाड्यांवर टक्कर टाळण्याचा इशारा देणारी उपकरणे बसवण्यात आली. चालकाला इशारा मिळतो हा एक भाग झाला. त्याहून मोलाचा भाग असा की अनेक बसना एकाच वळणावर पुन्हा पुन्हा इशारे मिळू लागले तर ती जागा, तिथे अजून मोठा अपघात झालेला नसला तरी, धोक्याची आहे हे नकाशावर उमटते. चालत्या बसनी गोळा केलेली माहिती रस्ता दुरुस्त करणाऱ्यापर्यंत पोचणे, हेही वाहन आणि रस्ता यांच्यातले सहकार्यच आहे, आणि ते मिश्र वाहतुकीतही चालते.

रस्त्यावर येण्याची पाळी वाटून देणे, हा आणखी एक स्वस्त उपाय. महामार्गावर चढणाऱ्या जोडरस्त्यावर सिग्नल लावून एकेक गाडी सोडली की मुख्य प्रवाह तुटत नाही. रांगेत उभ्या असलेल्यांना मात्र हा अन्याय वाटतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातले असे सुमारे ४३० सिग्नल लोकांच्या तक्रारींवरून विधिमंडळाने २००० साली काही आठवडे बंद ठेवायला लावले. त्या काळात महामार्गावरून जाणारी वाहतूक ९ टक्क्यांनी घटली, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. सिग्नल पुन्हा सुरू झाले, पण रांगेतला प्रतीक्षेचा काळ कमी करूनच. तक्रार करणारे पूर्णपणे चुकीचे नव्हते.

प्रश्न : मोबाइलवरचा नकाशा सर्वांना मोकळा रस्ता दाखवतो. हेच सहकार्य नाही का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही. नकाशा प्रत्येकाला त्याच्यापुरता लवकरचा रस्ता सांगतो, आणि प्रत्येकाने स्वतःपुरते उत्तम निवडले म्हणजे सर्वांचे मिळून उत्तम होते असे नाही. वॉर्ड्रॉप या ब्रिटिश अभ्यासकाने १९५२ मध्ये हे दोन समतोल वेगळे करून दाखवले, आणि १९६८ मध्ये जर्मन गणितज्ञ डीट्रिच ब्रेस यांनी सिद्ध केले की काही परिस्थितींत नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबतो. खऱ्या सहकार्यात कोणाला तरी दोन मिनिटे जास्तीच्या रस्त्याने पाठवावे लागेल. तो कोण, हे ठरवण्याचा अधिकार खासगी कंपनीला द्यावा का, हा अभियांत्रिकीचा प्रश्न राहत नाही.

प्रश्न : गाड्या सतत आपला ठावठिकाणा रेडिओवर सांगत राहिल्या तर आपल्यावर पाळत राहणार नाही का? आणि एखाद्याने खोटेच संदेश पाठवले तर? (एक वकील वाचिका, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दोन्ही भीती रास्त आहेत. अमेरिकी मानकाप्रमाणे अशी गाडी सेकंदाला दहा वेळा आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेकची स्थिती जाहीर करते. त्या संदेशात नोंदणी क्रमांक नसतो. संदेश खरा असल्याची खूण म्हणून एक अंकीय प्रमाणपत्र जोडलेले असते आणि ते थोड्या थोड्या वेळाने बदलले जाते, जेणेकरून सकाळची आणि संध्याकाळची गाडी एकच आहे हे ऐकणाऱ्याला सहज जुळवता येऊ नये.

परंतु प्रमाणपत्र संदेश कोणी पाठवला याची हमी देते, तो खरा आहे याची देत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की गाड्यांच्या संदेशांवर चालणाऱ्या एका प्रायोगिक सिग्नल-प्रणालीला, वैध प्रमाणपत्र असलेली एकच गाडी आपल्या येण्याची खोटी वेळ कळवून चकवू शकते. सिग्नल त्या न येणाऱ्या गाडीसाठी हिरवा दिवा लांबवत राहतो आणि इतर दिशांना रांगा लागतात. म्हणून आता कॅमेरा वा रडारशी ताडून पाहिल्याशिवाय संदेशावर विश्वास ठेवू नये, असा आग्रह धरला जातो. आपल्याकडे असे नियम होतील तेव्हा खोटा संदेश पाठवणे हा कोणत्या कलमाखालचा गुन्हा मानायचा, हे आधी ठरवून ठेवावे लागेल. ते काम आपल्याच व्यवसायातले आहे.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळा नसताना या विषयात काही करून पाहता येईल का? (एक विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : येईल, आणि खर्चही नाही. जर्मनीच्या अंतराळ संशोधन केंद्राने तयार केलेली ‘सुमो’ ही वाहतुकीची संगणकीय प्रतिकृती करणारी प्रणाली २००१ पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. तिच्यात एकाच लेनमध्ये शेजारी शेजारी चालणारी वाहने दाखवण्याची सोय आहे, म्हणजे दुचाकींची घुसखोरीही काही प्रमाणात मांडता येते. सुरुवात आपल्या गावातल्या एकाच चौकापासून करावी. गर्दीच्या एका तासात चारही बाजूंनी येणारी वाहने प्रकारवार मोजावीत, सिग्नलच्या वेळा घड्याळाने टिपाव्यात, आणि प्रतिकृतीतली रांग प्रत्यक्षातल्या रांगेशी जुळेपर्यंत सिग्नलच्या वेळांना हात लावू नये. बहुतेक विद्यार्थी इथे घाई करतात. रांग जुळली की मग पुढचा चौक जोडून, दोन्हींनी एकमेकांना गाड्यांची आगाऊ वर्दी दिली तर किती सेकंद वाचतात, ते पाहावे.